कंट्रोलरचं घड्याळ आधी बघा

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात वायफाय सुरू होऊन दोन महिने झाले, तरी त्या तीन दिवसांचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही. कुणाचे तरी तीन दिवस वाचावेत म्हणून लिहितोय.

तीन मजले, २४ अ‍ॅक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारे डबे) आणि ते सगळे एका जागेवरून सांभाळणारा एक कंट्रोलर. केबल ओढून झाल्या, रॅक उभा राहिला, केबलमधूनच एपींना वीज देणारा पीओई स्विच लागला. कंट्रोलरचं पहिलं सेटिंग कन्सोल केबल (उपकरणाशी थेट बोलायची केबल) लावून डीलरने पाठवलेल्या मुलाने केलं. स्क्रीनवर एकेक प्रश्न येत होता आणि तो भराभर एंटर दाबत होता. दहा मिनिटांत ‘झालं सर’ म्हणून तो निघाला, तो परत आलाच नाही.

एपी लावले. त्यांना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत होता, पिंग जात होतं, म्हणजे जोडणी होती, पण कंट्रोलरच्या यादीत आकडा शून्य. एक एपी मी टेबलावर आणून ठेवला. त्याचा दिवा हिरवा, लाल, नारिंगी असा फिरत राहायचा, काही मिनिटांनी एपी आपोआप रीस्टार्ट व्हायचा आणि पुन्हा तेच.

पहिला संशय डीएचसीपीच्या (उपकरणांना आयपी वाटणाऱ्या सेवेच्या) ऑप्शन ४३ वर. एपी वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) असतील तर कंट्रोलरचा पत्ता त्यांना यातून देता येतो, आणि तो हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) लिहायचा असतो: १९२ चं सी-शून्य, १६८ चं ए-आठ. एक अक्षर चुकलं की संपलं. मी तो चार वेळा कागदावर मांडून तपासला, बरोबर होता. मग फायरवॉल. एपी आणि कंट्रोलर यूडीपी ५२४६ आणि ५२४७ या पोर्टवर बोलतात, तेही उघडे होते. देश ‘भारत’ निवडलेला होता. (हेही बघाच, देश चुकला तर रेडिओ चालू होत नाहीत.)

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर माणूस आला आणि त्याने सिरीयल नंबर मागितला. दिला. ‘हा नंबर तुमच्या संस्थेच्या नावावर नाही.’ डीलरने नोंदणी स्वतःच्याच नावावर ठेवली होती! बिल आमचं, पैसे आमचे, वस्तू आमच्या रॅकमध्ये, आणि मदत मागायचा हक्क दुसऱ्याचा. डीलर म्हणाला, ‘मेल टाका.’ मेल टाकला. इकडे वॉर्डन मॅडमचे दिवसातून तीन फोन, कारण मुलींचे परीक्षा फॉर्म भरायचे चालू होते आणि त्या रात्री गेटपाशी उभ्या राहून मोबाइलवर भरत होत्या. शेवटचा हप्ता देण्याआधी नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्या, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

तिसऱ्या रात्री साडेअकराला मी टेबलावरच्या त्या एपीलाच कन्सोल केबल लावली. कन्सोलचा स्पीड ९६०० ठेवला; लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नसेल तर यूएसबी कन्व्हर्टर आधीच आणून ठेवा. ओळी भराभर वर सरकत होत्या. कंट्रोलर सापडतोय, बोलणं सुरू होतंय आणि सर्टिफिकेटपाशी तुटतंय. तेव्हा कंट्रोलरवरची तारीख बघितली. १ जानेवारी २०००.

एपी आणि कंट्रोलर एकमेकांची ओळख सर्टिफिकेटवरून पटवतात, आणि सर्टिफिकेटला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. कंट्रोलरच्या लेखी २००० साल चालू होतं, म्हणजे त्या एपींच्या सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झाली नव्हती. मी तारीख-वेळ हाताने टाकली. दोन मिनिटांत यादीत एक एपी, मग पाच, मग अकरा. साडेबारापर्यंत २४. मी रॅकसमोर खाली जमिनीवरच बसलो.

वेळ पुन्हा घसरू नये म्हणून दुसऱ्या दिवशी एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवायची सोय) लावला. बाहेरचा सर्व्हर चालेना, कारण त्याला लागणारा यूडीपी पोर्ट १२३ आमच्याकडे बंद असतो. शेवटी कॉलेजच्याच सर्व्हरवरून वेळ दिली.

गेल्या आठवड्यात मुलांच्या वसतिगृहाचा कंट्रोलर आला. या वेळी कुणालाही हात लावू दिला नाही, प्रत्येक प्रश्न वाचून उत्तर दिलं. एनटीपी आत्ता लावायचा का? बघायचं म्हणून मुद्दाम ‘नाही’ म्हटलं. वेळ हाताने टाकायची का? पुन्हा ‘नाही’. लगेच स्क्रीनवर इशारा आला: वेळ लावल्याशिवाय एकही एपी चालू होणार नाही.