आईची गोधडी : मधला फुगवटा अखेर बसला

मागच्या नोंदीत आईच्या जुन्या इरकल साड्या आणि बाबांची वापरून मऊ झालेली धोतरे यांचे थर लावून दाखवले होते. त्यानंतर काम अडले ते एकाच जागी. कडेपासून चौकोनी फेऱ्या घालत धावदोरा आत नेला की पहिला वीतभर भाग अगदी सपाट येई, पण मध्याकडे सरकू लागताच वरचा थर फुगून येई आणि इस्त्री फिरवूनही बसत नसे.

याचे मूळ शोधताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. प्रत्येक टाक्याबरोबर सुई वरचे कापड किंचित पुढे लोटते आणि खालचे चटईला धरून राहते. चारही कडा आधीच शिवून बंद झालेल्या असल्या, तर ही साठत गेलेली ढील बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ती सगळी मध्यभागी गोळा होते. दुसरे कारण खुद्द इरकलीत आहे. तिचे अंग सुती, तर काठ आणि टोपतेणीने, म्हणजे अंगाचे व पदराचे उभे धागे फासांनी एकमेकांत गुंतवून, जोडलेला पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. ही दोन्ही सुते धुतल्यावर सारखी आटत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षे नेसलेल्या साडीत काठालगतचा पट्टा आधीच ओढलेला असतो. म्हणून काठ आणि पदर वेगळे काढले, उरलेले सारे कापड गरम पाण्यात भिजवून खळ घालवली आणि प्रत्येक थराचा ताणा (उभे धागे) लांबीच्या दिशेने येईल असे थर पुन्हा मांडले. फुगवटा निम्मा झाला, पण गेला नाही.

वाट सापडली ती कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील स्त्रियांच्या कवंडीत, म्हणजे त्यांच्या गोधडीत. त्याही कडेपासून सुरुवात करून आतच जातात, तरीही त्यांची कवंडी फुगत नाही, कारण तिचा वरचा थर अखंड नसतोच. कडेपासून एकेक तुकडा ठेवत, त्याची कड आत दुमडत आणि लगेच टाके घालत त्या पुढे सरकतात. त्यामुळे जी काही ढील पुढे लोटली जाते, ती पुढच्या तुकड्याखाली सावरता येते. हे उमगल्यावर आतल्या सर्व फेऱ्या उसवल्या, वरच्या इरकलीचे तळहाताएवढे तुकडे केले आणि त्याच रीतीने शिवायला घेतले. आता शिवलेल्या भागावरून हात फिरवला की बोटांना फक्त टाक्यांच्या ओळी लागतात, आणि या सपाटपणाचा आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे.

दोऱ्याविषयी माझे मत अधिकच ठाम झाले आहे. जुन्या, विरत चाललेल्या सुती कापडासाठी मेण लावलेला सुती दोराच हवा. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा चिवट असतो आणि ताण आला की दोरा टिकतो, कापड फाटते. ऑनलाइन मागवलेल्या सुयांची नेढी आतून खरखरीत निघाली आणि दोरा सारखा पिंजत राहिला, तेव्हा पुण्याच्या रविवार पेठेतून आखूड, ताठ सुया आणल्या. पाच थरांतून त्या न वाकता जातात.

इरकलीचे काढलेले गोमी नक्षीचे काठ बाहेरच्या कडेला किनार म्हणून लावायचे ठरले होते, पण वरचे आटण्याविषयीचे लिहिताना तो बेत चुकीचा वाटू लागला आहे, कारण लांब काठ धुण्यात पुन्हा कड ओढणार. त्यापेक्षा कवंडीच्या कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुले असतात, तशी चार फुले या काठांची करावीत आणि किनार धोतराचीच ठेवावी. पदर मात्र आईला सर्वांत प्रिय, म्हणून तो शेवटचा तुकडा असेल : मध्यभागी उरेल तेवढी जागा मोजून त्याच मापाचा कापायचा. त्याआधी त्या लाल रंगाची परीक्षा बाकी आहे. ओल्या पांढऱ्या चिंधीने पदर दाबून रात्रभर ठेवणार आहे. रंग उतरला, तर पांढऱ्या धोतराशेजारी त्याला जागा नाही आणि मध्यभागी साडीच्या अंगाच्याच निळ्या कापडाचा चौकोन येईल.