फावड्या-कुदळींनी उतरवलेला समुद्रकाठ: ग्रेट ओशन रोडवरचा एक दिवस

मेलबर्नला मुलीकडे गेलो की ग्रेट ओशन रोड पाहायचाच, हे मी पुण्याहून निघतानाच ठरवले होते. सार्वजनिक बांधकाम खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केलेल्या आणि त्यातील काही वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात आंबा घाटाच्या देखभालीवर घालवलेल्या माणसाला, समुद्राच्या कड्यावर हाताने कोरलेला रस्ता पाहण्याची ओढ का वाटावी, हे वेगळे सांगायला नको. प्रश्न एवढाच होता की तो कसा पाहायचा. मुलीला आठवडाभर रजा मिळणार नव्हती, भाड्याने गाडी घेतली असती तर माझी नजर दिवसभर वळणांवर खिळून राहिली असती, आणि खासगी सहलीचा दर ऐकून पत्नी आणि मी दोघेही गप्प झालो. शेवटी एका लहान कंपनीची चोवीस आसनी बसची एकदिवसीय सहल घेतली. माणशी १२५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे सुमारे ७,००० रुपये. जेवण आपले आपण, वेळ सकाळी सव्वासातपासून रात्री नऊपर्यंत.

मार्चचा पहिला आठवडा होता, म्हणजे तिकडचा उन्हाळा नुकताच सरलेला. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनाजवळ बस वेळेवर आली. चालकच मार्गदर्शकाचेही काम करत होता. बसमध्ये चढताना मी एक गोष्ट आवर्जून केली आणि जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगेन: खिडकीची जागा डाव्या हाताची घ्यावी. बस पश्चिमेकडे जाते, समुद्र दक्षिणेला म्हणजे डावीकडे राहतो, आणि तिथेही वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असल्यामुळे बस थेट समुद्राच्या बाजूने धावते.

शहर सोडताना यारा नदीवरचा वेस्ट गेट ब्रिज लागतो. मुलीने त्या पुलाविषयी आधीच सांगितले होते, म्हणून मी जरा सावरून बसलो. १५ ऑक्टोबर १९७० रोजी बांधकाम चालू असताना त्याचा एक गाळा कोसळला आणि ३५ कामगार मरण पावले. पूल पुढे १९७८ साली खुला झाला. बसमधील बहुतेक मंडळी तेव्हा डुलक्या घेत होती. मी मात्र खाली पाहत राहिलो, कारण बांधकामावर माणूस गेल्यानंतर त्या जागेवर पुन्हा काम सुरू करताना मनाची काय अवस्था होते, ते मी थोडेफार अनुभवले आहे.

जीलाँग मागे टाकून तासा-दीड तासात आम्ही टॉर्कीला पोहोचलो. ग्रेट ओशन रोड इथून सुरू होतो आणि वॉर्नमबूलजवळच्या ॲलन्सफर्डपर्यंत सुमारे २४३ किलोमीटर जातो. टॉर्की हे लाटांवर फळीने तरंगणाऱ्यांचे गाव. जवळच्या बेल्स बीचवर १९६२ पासून ईस्टरच्या सुमारास स्पर्धा होतात. त्या खेळातले मला काही कळत नाही, त्यामुळे चहा-बिस्किटांचा तो थांबा आमच्यासाठी लवकर आटोपला.

माझ्या दृष्टीने खरा दिवस सुरू झाला तो ईस्टर्न व्ह्यू येथील लाकडी कमानीपाशी. ओंडक्यांची ही कमान रस्त्यावर आडवी उभी आहे, शेजारी रस्ता खोदणाऱ्या सैनिकांचा पुतळा आहे, आणि सगळे प्रवासी तिथे उतरून छायाचित्रे काढतात. आधीची कमान १९८३ च्या ‘ॲश वेन्स्डे’ वणव्यात जळाली, त्यानंतर ही उभारली. पण स्मारक म्हणजे ही कमान नव्हे, स्मारक आहे तो आख्खा रस्ता, आणि ते तिथे उभे राहिल्यावर उमगते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना काम हवे होते, किनाऱ्यावरच्या एकाकी वस्त्यांना रस्ता हवा होता, आणि न परतलेल्यांची आठवण ठेवायची होती. या तीन गरजा एकत्र आल्या. १९१९ च्या सप्टेंबरात काम सुरू झाले आणि नोव्हेंबर १९३२ मध्ये रस्ता अधिकृतपणे खुला झाला. सुमारे ३,००० माजी सैनिकांनी तो बांधला, आणि म्हणूनच तो जगातील सर्वांत मोठे युद्धस्मारक म्हणून ओळखला जातो.

त्यांची अवजारे काय होती, तर सुरुंग, कुदळी, फावडी आणि ढकलगाड्या. आठ तासांच्या दिवसाला मजुरी साडेदहा शिलिंग, शनिवारी अर्धा दिवस. राहणे तंबूंत. छावणीत पियानो, ग्रामोफोन आणि वर्तमानपत्रे असत, हे ऐकून माझ्या पत्नीला फार बरे वाटले. १९२४ साली ‘कॅसिनो’ नावाचे जहाज केप पॅटनजवळ खडकाला लागले, तेव्हा ते हलके करण्यासाठी बिअरची ५०० पिंपे आणि मद्याच्या १२० पेट्या समुद्रात टाकाव्या लागल्या. त्या किनाऱ्याला लागल्यावर कामगारांनी दोन आठवडे काम थांबवले, असे सांगतात. बसमध्ये या गोष्टीवर सगळे हसले. मीही हसलो, पण त्याच क्षणी वाटले की फ्रान्सच्या खंदकांतून आलेल्या त्या माणसांच्या वाट्याला अशी अवचित सुटी आली, याचा आनंदच मानायला हवा.

हॉवर्ड हिचकॉक हे जीलाँगचे महापौर या कामामागचा मुख्य आधार होते. त्यांनी विश्वस्त संस्था उभारली, निधी जमवला आणि स्वतःच्या खिशातूनही पैसे घातले. रस्ता पूर्ण होण्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट १९३२ मध्ये ते गेले. उद्‌घाटनाच्या मिरवणुकीत त्यांची मोटार मानाने चालवण्यात आली. सुरुवातीला या रस्त्यावर टोल घेत असत आणि १९३६ मध्ये रस्ता सरकारच्या ताब्यात गेल्यावर तो बंद झाला.

कमानीपासून लॉर्न आणि तिथून अपोलो बेपर्यंतचा पट्टा हा या रस्त्याचा गाभा आहे. एका बाजूला ऑटवे डोंगराची उभी कापलेली दरड, दुसऱ्या बाजूला कठडा आणि कठड्याखाली थेट पाणी; मध्ये जेमतेम दोन गाड्या जातील एवढाच डांबरी पट्टा. आपल्या घाटात रस्ता चढतो आणि मग पठारावर मोकळा होतो. इथे तो चढत नाही की मोकळाही होत नाही, डोंगराच्या प्रत्येक घडीत शिरतो, ओढ्यावरची मोरी ओलांडतो आणि पुन्हा नाकाडावर बाहेर येतो. माउंट डिफायन्सच्या वळणावर बस क्षणभर मंदावली तेव्हा मी दरडीकडे नीट पाहिले. वालुकाश्माचे थर तिरके उतरत होते, त्यांच्यात ओल होती, आणि पायथ्याशी पाणी वाहून नेणारे गटार स्वच्छ होते. काही ठिकाणी दगड अडवण्यासाठी पोलादी जाळ्या ठोकलेल्या होत्या. थर रस्त्याच्या बाजूला कललेले असतील तर तिथे पावसात दरड येणारच, हे कोणत्याही घाटावरच्या मुकादमाला पुस्तक न वाचता कळते. २०१५ च्या नाताळच्या दिवशी वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीक या गावांत वणव्याने ११६ घरे जळाली, झाडोरा गेला, आणि पुढच्याच वर्षी सप्टेंबरच्या पावसात याच भागात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. मुळे गेली की माती सुटते.

केनेट रिव्हरला बस थांबली ती कोआला पाहण्यासाठी. निलगिरीच्या बेचक्यात एक कोआला बसला होता, इतका स्थिर की प्रथम ती झाडाचीच गाठ वाटली. मग त्याने एक हात लांबवला, एक पान तोडले, नाकाशी धरून हुंगले, टाकून दिले आणि दुसरे निवडले. पत्नी हळूच म्हणाली, “अहो, बाजारात भाजी निवडावी तसं निवडतोय बघा.” खरोखरच तसे होते. निलगिरीच्या पानांत पोषण कमी आणि विषारी द्रव्ये जास्त, त्यामुळे हा प्राणी दिवसाचे अठरा-वीस तास झोपून काढतो आणि जागेपणी पानांची पारख करतो. आम्ही तिथे वीस मिनिटे होतो; त्याने तेवढ्यात चार पाने खाल्ली.

अपोलो बेला दुपारचे जेवण. सहप्रवासी तिथल्या दुकानांतून मासे आणि तळलेले बटाटे आणायला गेले. आम्ही समोरच्या हिरवळीवर बसून मुलीने पहाटे उठून करून दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गूळपापडी खाल्ली. स्वस्त सहलीत हा एक मोठा फायदा असतो की कुठे खायचे याचा आग्रह कोणी धरत नाही.

पुढे रस्ता समुद्र सोडून ऑटवेच्या पावसाळी जंगलात शिरतो. मेट्स रेस्ट येथे लाकडी पायवाटेवरून अर्ध्या तासाची फेरी झाली. माणसाच्या दुप्पट उंचीचे वृक्षनेचे, शेवाळाने मढलेले ‘मर्टल बीच’ जातीचे जुने वृक्ष, आणि पायाखालून पाझरणाऱ्या पाण्याचा आवाज. आंबोलीत जूनअखेर जो ओल्या पानांचा वास येतो, तोच तिथे मार्चमध्ये आला. हा प्रदेश गाडुबानुड या मूळ रहिवासी लोकांचा. रस्ता होण्याच्या कितीतरी हजार वर्षे आधीपासून ते या जंगलातून समुद्राकडे ये-जा करत होते, आणि हे चालकाने आपणहून सांगितले याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत.

चार वाजता ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’, म्हणजे बारा प्रेषितांचे दर्शन. नाव बारांचे असले तरी ते बारा कधीच नव्हते. पूर्वी या जागेला ‘डुकरीण आणि पिले’ अशा अर्थाचे नाव होते. पर्यटकांना आकर्षित करण्यासाठी विसाव्या शतकात नवे नाव रूढ झाले, तेव्हा मोजून नऊ स्तंभ होते. त्यातील सुमारे ५० मीटर उंचीचा एक ३ जुलै २००५ रोजी काही क्षणांत ढासळला. हा सगळा किनारा चुनखडीचा आहे. समुद्रतळावर साचलेल्या बारीक जीवांच्या कवचांचे कोट्यवधी वर्षांत थर झाले, आणि आता दक्षिण महासागराच्या लाटा ते थर पुन्हा मोकळे करत आहेत. आधी कड्यात गुहा पडते, दोन्ही बाजूंच्या गुहा मिळून कमान होते, कमानीचे छत पडते आणि समुद्रात सुटा खांब उरतो. खांबांची मुळे वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटरने झिजतात असे मानतात. आम्हा कातळाच्या माणसांना दगड म्हणजे कायमचा असे वाटते. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट पाहत वाढलेल्या डोळ्यांना, उन्हात मधासारखे पिवळे दिसणारे आणि डोळ्यांदेखत संपत चाललेले ते खांब बघताना पोटात काहीतरी हलले. वारा इतका होता की पत्नीने पदर दोन्ही हातांनी धरला होता. इथे मात्र कार्यक्रमात फक्त चाळीस मिनिटे होती, आणि ती अपुरी आहेत हे मी स्पष्टपणे नोंदवतो. गिब्सन स्टेप्सच्या ८६ पायऱ्या उतरून खालच्या वाळूत जायचे असेल तर तेवढ्यात काहीच धड होत नाही.

त्यापेक्षा लॉक आर्ड गॉर्ज मनात अधिक खोल राहिली. दोन उंच कड्यांमध्ये अरुंद तोंडाची घळई, आत शांत वाळू. १ जून १८७८ च्या पहाटे इंग्लंडहून मेलबर्नला निघालेले ‘लॉक आर्ड’ हे शिडाचे जहाज जवळच्या मटन बर्ड बेटावर आदळून फुटले. जहाजावर ५४ माणसे होती, त्यांतील दोघेच वाचली: टॉम पिअर्स हा उमेदवार खलाशी आणि ईव्हा कारमायकेल ही तरुणी. टॉम उलट्या झालेल्या होडीखालून या घळईत वाहत आला. वाळूवर पोहोचल्यावर त्याला पाण्यातून हाक ऐकू आली, तो पुन्हा पोहत गेला, ईव्हाला ओढून त्याने गुहेत आणले, ब्रँडी पाजून सावध केले आणि मग कडा चढून मदत शोधायला निघाला. ईव्हाचे आईवडील आणि भावंडे त्याच पाण्यात गेली. मी त्या वाळूत उभा राहून वर पाहिले. कड्यात पाय ठेवायला जागा दिसत नाही, आणि गारठलेला एक मुलगा तिथून वर कसा गेला असेल, याचा अंदाज मला अजूनही बांधता आलेला नाही. वर छोटी दफनभूमी आहे. तिथे आम्ही दोघे काही न बोलता उभे राहिलो.

परतीचा प्रवास कोलॅकमार्गे सरळ महामार्गाने झाला. गायींची कुरणे, सपाट जमीन आणि मावळतीचा उजेड, एवढेच. नऊच्या सुमारास आम्ही पुन्हा त्याच वेस्ट गेट ब्रिजवरून शहरात आलो.

आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. आंबा घाटावर माझ्याबरोबर काम केलेल्या आणि आता सत्तरी ओलांडलेल्या आमच्या मुकादमांना मी फोन लावला. सैनिकांनी सुरुंग लावून कडा कसा फोडला, ते मी सांगत गेलो आणि ते मधेमधे हुंकार देत राहिले. माझे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, “साहेब, तिकडंबी पावसात दरड येते?”

“येते. मध्ये रस्ता बंद पडला होता.”

“मग डोंगरकडचं गटार साफ ठेवतात न्हवं?”

“ठेवतात,” मी म्हणालो. “मी बघितलं.”