प्लग ओले की कोरडे?

बाबांची १९८८ ची प्रीमियर पद्मिनी अचानक बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरायचं, पण पकडायचंच नाही. गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर साफ केला, ठिणगी टाकणारे चारही प्लग नवे टाकले. फरक शून्य. आता इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप बदलू म्हणाला, तेव्हा गाडी टो करून साताऱ्याला घरी आणली.

शेजारच्या काकांनी मुंबईत पद्मिनीच टॅक्सी म्हणून चालवली. बॉनेट उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "प्लग ओले की कोरडे?"

काढून पाहिले. चारही ओले, पेट्रोलचा वास.

"मग पंपाच्या मागे कशाला लागतोस? पेट्रोल येतंय. करंट बघ."

एक प्लग वायरला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवला. प्लगच्या भोकांपासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. बायकोने सेल्फ मारला. ठिणगी नाही.

मग ५ वॉटचा बल्ब आणि दोन वायरी. एक वायर बॉडीला, दुसरी कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) प्लसला. बल्ब पेटला, म्हणजे चावीपासून करंट येतोय. नंतर तीच वायर कॉइलच्या मायनसला लावून सेल्फ मारला. इथे बल्ब लुकलुकायला हवा. डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारा छोटा स्विच, मिटले की करंट बॉडीत जातो आणि बल्ब विझतो. उघडले की पेटतो, आणि त्या उघडण्याच्या क्षणीच कॉइल ठिणगी टाकते. आमचा बल्ब विझलेलाच राहिला. बहुधा एकतर पॉइंट उघडत नव्हते, नाहीतर कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून त्यांना जोडलेला छोटा भाग) शॉर्ट होता.

"वहीचा कागद घाल पॉइंटमध्ये," काका म्हणाले.

घातला. बल्ब लख्ख पेटला! कंडेन्सर शॉर्ट असता तर कागद घालूनही पेटला नसता. इतकी साधी, बिनखर्चाची परीक्षा मी आयुष्यात पाहिली नव्हती.

चावी बंद केली (पॉइंट मिटलेले असताना चालू ठेवली तर कॉइल तापते), चौथा गिअर टाकला आणि दोघांनी गाडी इंचाइंचाने ढकलली. डिस्ट्रिब्युटरचा कॅम (पॉइंट उघडणारा फिरता दांडा) फिरत होता, पॉइंट जागचे हलत नव्हते. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजून पार बसला होता. कॅमवर ग्रीसचा टिपूस नाही, नुसती तपकिरी भुकटी. महिनाभर खंबाटकी घाटात गाडी मिसिंग का करत होती, म्हणजे झटके का देत होती, तेही तेव्हाच कळलं. पॉइंटमधली गॅप रोज थोडी थोडी मिटत गेली होती.

पुण्याला नाना पेठेत जाऊन नवा पॉइंट सेट आणला. फीलर गेजने (फट मोजायची पातळ पट्टी) ०.४५ मिमी गॅप ठेवली, कॅमला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावलं. गॅप बदलली की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) सरकतं, म्हणून त्याच बल्बवर काकांनी टायमिंग जुळवून दिलं.

दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. चोक आत ढकलेपर्यंत बाबा दारातच उभे होते.