आमची वाटचाल : कागदावरच्या चित्रापासून चांदीवरच्या छापापर्यंत

आधी एक खुलासा. आम्ही नाणी पाडत नाही. भारतात तो अधिकार केंद्र सरकारचा, आणि ते काम मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार टांकसाळींत चालते. मुंबईत पडलेले नाणे ओळखायचे तर सालाच्या खाली चौकटच्या आकाराची खूण शोधावी. आमच्याकडे होतात ती स्मृतिपदके : शाळेची शताब्दी, पतपेढीचा सुवर्णमहोत्सव, कारखान्याची पंचाहत्तरी. गिऱ्हाईक त्याला ‘चांदीचे नाणे’च म्हणतो आणि बोलताना आम्हीही तेच म्हणतो. पण त्यावर ‘रुपये’ लिहायचे नाही, मूल्य वाटेल असा आकडा टाकायचा नाही, आणि सिंहमुद्रा तर नाहीच नाही. सिंहमुद्रेसाठी २००५ चा कायदा आहे, नाण्यांसाठी २०११ चा. ऑर्डर घेताना हे सांगून टाकले की नंतरची निम्मी वादावादी वाचते.

कायदा वेगळा असला तरी कसब तेच. १९६४ मध्ये नेहरूंच्या स्मरणार्थ निघालेले रुपया आणि ५० पैशांचे नाणे ही स्वतंत्र भारताची पहिली स्मृतिनाणी. त्यांच्या कलाकाराला जी अडचण आली असेल, तीच आजही आमच्या टेबलावर असते : माणसाचे डोके अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी उंचीत बसवायचे. आमची वाटचाल म्हणजे ही अडचण सोडवण्याच्या तीन पद्धती आणि त्या प्रत्येकीत झालेल्या चुका.

पहिली पद्धत हाताने डाय, म्हणजे छाप मारायचा पोलादी ठसा, कोरण्याची. मऊ केलेल्या पोलादी गट्टूवर चित्र उलटे आणि खोलगट कोरायचे, दर थोड्या वेळाने त्यात प्लास्टिसिन (न सुकणारी मऊ माती) दाबून सुलटे कसे दिसते ते बघायचे. अक्षरांचे पंच वेगळे ठोकायचे. यात सगळ्यात जास्त फसतो तो उलट-सुलटचा हिशेब. चेहरा उलटा कोरणे अंगवळणी पडते, पण पगडीचा कल, उपरण्याचा खांदा, भांगाची बाजू आणि कोटाचे काज या गोष्टी फोटोत बघून तशाच्या तशा कोरल्या जातात आणि छापात चुकीच्या बाजूला जातात. त्यावर उपाय एकच, फोटोची उलटी प्रत समोर ठेवायची आणि सुलटी प्रत टेबलावर येऊच द्यायची नाही.

दुसरी पद्धत प्लास्टरची, आणि कलाकार खरा घडतो तो इथेच. ४० मिलिमीटरच्या पदकासाठी नमुना २४० मिलिमीटरचा, म्हणजे सहापट. आधी तेलाच्या मातीत मॉडेल. शाडू चालत नाही, कारण सुकताना तो आकसतो आणि तडकतो. पाया सपाट ठेवायचा नाही, बशीसारखा अगदी किंचित खोल ठेवायचा. मग साबणाच्या पाण्याचा हात देऊन प्लास्टरचा उलटा साचा, त्यावरून सुलटा, पुन्हा उलटा. चेहरा सुलट्या प्लास्टरवर सुधारतात. अक्षरे मात्र उलट्या साच्यात कोरतात, कारण खोल कोरलेली रेघ सुलटी झाली की स्वच्छ उठाव देते. सुलट्यावर अक्षर चिकटवायला गेलात तर कडा गोल होतात आणि छापात अक्षर ‘वितळलेले’ दिसते. अशा तीन-चार फेऱ्या होतात. शेवटची प्रत इपॉक्सीत, कारण यंत्राची सुई प्लास्टर खरवडते.

मग रिडक्शन मशीन, म्हणजे मोठ्या नमुन्यावरून लहान डाय कोरणारे यंत्र. एका टोकाला नमुन्यावर फिरणारी सुई, दुसऱ्या टोकाला पोलाद कापणारे टोक, मध्ये एक लांब दांडा. प्रमाण सहास एक असेल तर सुईचे टोक आणि कापणारे टोकही सहास एक हवे : सुई ०.६ मिलिमीटर, तर टोक ०.१. सुई जाड राहिली तर ती पापणीच्या खाचेत शिरतच नाही आणि डोळा फुगलेला येतो. दांड्यात जरा ढिलाई असली तर गालावर गोल गोल लाटा उमटतात, त्या नंतर कशानेही जात नाहीत. नमुन्यावरचा ३ मिलिमीटरचा उठाव डायमध्ये ०.५ होतो. हा भागाकार ज्याच्या बोटांत बसला, तो पदकाचा कलाकार.

तिसरी पद्धत संगणकाची. आता बहुतेक मॉडेल पडद्यावरच घडते आणि सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे, यंत्र निमुळत्या टोकाच्या कटरने डाय थेट कोरते. दोन फेऱ्यांमधले अंतर ०.०२ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ठेवतो, नाहीतर गालावर नांगरलेल्या शेतासारख्या रेघा दिसतात. वेग वाढला, पण एक नवी चूक आली. संगणकावर पूर्ण गोल डोके घडवायचे आणि मग बटण दाबून त्याची उंची सरसकट शंभरावा भाग करायची. असा चेहरा पोळीवर लाटल्यासारखा दिसतो. कमी उठावात खोली सगळीकडे सारखी दाबायची नसते : कान आणि डोके जवळजवळ एका पातळीवर आणायचे, नाकपुडी, पापणी आणि ओठांच्या कडेला मात्र उंचीचा वाटा जास्त द्यायचा. प्लास्टरवर हात बसलेल्याला हे सांगावे लागत नाही. म्हणून फाइल कितीही देखणी असली तरी नवीन कलाकाराकडून आम्ही आधी एक प्लास्टर करून घेतो. ते न करता फक्त फाइल पाठवणाऱ्यांशी आमचे सहसा जमत नाही.

उठाव किती, हा प्रश्न कलाकार आणि प्रेसवाला यांच्यातले जुने भांडण आहे. अमेरिकेत १९०७ मध्ये ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराने २० डॉलरच्या सोन्याच्या नाण्याचे फार उंच उठावाचे चित्र केले. पहिली नाणी अनेकदा ठोकावी लागली, तेव्हा कुठे धातू खोलात चढला. चलनासाठी लाखोंनी पाडायचे तर असे चालणार नाही, म्हणून टांकसाळीचा मुख्य खोदकाम करणारा चार्ल्स बार्बर याने उठाव खाली आणला. कलाप्रेमी बार्बरला अजून शिव्या देतात. प्रेस चालवणारा देणार नाही.

आमचे गणित याहून साधे. २५ ग्रॅम शुद्ध चांदी ४० मिलिमीटर व्यासात सरासरी १.९ मिलिमीटर जाड होते. दोन्ही बाजूंना ०.४-०.५ उठाव काढायला तेवढी जाडी पुरते. गिऱ्हाईक म्हणतो, तेवढ्याच वजनात ५० मिलिमीटर करा, मोठे दिसेल. ५० मध्ये जाडी उरते १.२, मग चेहरा सपाट येतो आणि मागच्या बाजूला त्याची सावली उमटते. ही सावली डायच्या चुकीने येत नाही. समोरच्या खोल भागात धातू भरताना तो मागच्या बाजूकडून ओढला जातो, आणि तिथे फिकट खळगा राहतो. ब्रिटनच्या पाचव्या जॉर्जच्या पेनीवर राजाच्या डोक्याची अशी सावली मागे दिसत असे. शेवटी १९२८ मध्ये राजाचे डोके लहान करावे लागले. म्हणून आमच्याकडे कलाकाराला दोन्ही बाजूंची चित्रे एकावर एक ठेवून, उजेडासमोर धरून दाखवावी लागतात. समोर जिथे गाल आणि कपाळ, तिथे मागे मोकळे मैदान किंवा बारीक अक्षरे. मागच्या बाजूला बरोबर मध्ये देवळाचा कळस आणून ठेवलात तर काम परत.

बारीकसारीक तपशिलाने काय होते याचे आपल्याच देशातले उदाहरण म्हणजे १९११ चा रुपया. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर साखळीत एक हत्ती आहे, जेमतेम दाण्याएवढा. त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना तो डुक्कर वाटला. नाराजी झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल अशी केली. नाणी जमवणारे त्याला आजही डुक्कर रुपया म्हणतात. मोठ्या नमुन्यावर तो हत्तीच असणार. लहान करताना सोंडेची रेघ मरते, पोटाचा गोळा राहतो. म्हणून प्रत्येक नमुन्याचा फोटो पदकाच्या खऱ्या मापात छापून, हात लांब करून बघायचा. एवढ्या एका सवयीने आमच्या निम्म्या डाय वाचल्या.

देवनागरीचा त्रास तर रोमन लिपीवाल्यांना कळायचा नाही. रोमन अक्षर एका पट्टीत बसते. आपल्याला शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार हवेत आणि खाली उकार, ऋकार. काठाशी गोलाकार मजकूर असेल तर वरचा रफार काठाला टेकतो. धातू तिथे धड कड होत नाही, धड अक्षर होत नाही. शिरोरेषा आणि काठ यांच्यात निदान अक्षराच्या उंचीचा एक तृतीयांश भाग मोकळा हवा. रेघेची जाडी छापात ०.२ मिलिमीटरच्या खाली नको. ‘ष’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांची पोटे आधी बुजतात, म्हणून ती मुद्दाम फुगवून काढायची. संगणकातला फाँट वाकवून काठाला लावला की शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर तुटते. ती सलग कमान म्हणून वेगळी काढावी लागते. शिवकालीन शिवराई बघा : चित्र नाही, एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. ठसा धातूच्या चकतीहून मोठा असल्याने कितीतरी नाण्यांवर अक्षर अर्धे कापलेले आहे, तरी वाचता येते, कारण रेघ जाड आणि अक्षरे सुटी.

अक्षरांच्या भिंतींना उतार लागतो, पाच ते दहा अंश. सरळ उभी भिंत ठेवली तर पदक डायमध्ये अडकते आणि काढताना अक्षराचा काठ ओरबाडतो. काठ मात्र सगळ्या उठावापेक्षा उंच. तो नसेल तर पदके एकमेकांवर ठेवली की आधी नाक झिजते.

डायसाठी बाजारात एचसीएचसीआर म्हणतात ते, म्हणजे जास्त कार्बन आणि जास्त क्रोमियमचे, पोलाद वापरतो. कोरून झाल्यावर पाणी देणे, म्हणजे डाय तापवून आणि एकदम थंड करून कडक करणे, ही पायरी आम्ही स्वतः करायचो तेव्हा डाय कोळशाच्या भुकटीत पुरून तापवायचो. तरी पृष्ठभागावरचा कार्बन जळून बारीक खड्डे पडायचे, आणि आरशासारखी पॉलिश त्यावर कधीच येत नसे. आता व्हॅक्यूम भट्टीतून बाहेर करून घेतो : सुमारे १०२० अंशांवर कडक, मग दोनदा टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा कमी तापवणे), शेवटी कडकपणा ५८ रॉकवेल. ६० च्या वर नेली तर काठाजवळच्या अक्षराच्या कोपऱ्यातून तडा जातो, ५५ च्या खाली राहिली तर दोन-तीनशे छापांत मधला भाग दबतो.

चकत्या शुद्ध चांदीच्या असतील तर मऊ करताना चारशे-साडेचारशे अंश पुरतात. जास्त तापवल्या तर कण मोठे होतात आणि गालावर संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत त्वचा येते. कलाकार येऊन म्हणतो, माझे मॉडेल असे नव्हते. बरोबर असते त्याचे. ९२.५ टक्क्यांच्या चांदीत तांबे असल्याने भट्टीत काळपट थर येतो, तो आम्लात काढला तरी पॉलिशखाली डाग राहतो. आरशासारख्या पॉलिशच्या पदकाला म्हणून आम्ही ती घेतच नाही. चकती कॉलरपेक्षा, म्हणजे ठोकताना तिच्याभोवती असते त्या पोलादी कड्यापेक्षा, ०.२ मिलिमीटर लहान हवी. जास्त लहान असेल तर चित्र एका बाजूला सरकते, बरोबर मापाची असेल तर आत जाताना तिचा काठ कॉलरला घासून चांदीचा भुसा पडतो, आणि तो भुसा पुढच्या छापात दिसतो. ४० मिलिमीटरला प्रेस किमान २०० टनांचा. उठाव ०.४ च्या वर गेला की एका ठोक्यात भरत नाही : ठोका, पुन्हा मऊ करा, पुन्हा ठोका. दुसऱ्यांदा ठेवताना पदक केसभर फिरले तर नाक दोन. चकती न ठेवता प्रेस पडला तर वरची डाय खालचीवर आपटते आणि मग प्रत्येक पदकाच्या मैदानात समोरच्या चित्राची पुसट रेघ येत राहते. ती डाय गेलीच म्हणून समजा.

सरकारी स्मृतिनाण्यांचे माप कलाकारांना अभ्यासाला देतो. १०० रुपयांची कितीतरी नाणी ४४ मिलिमीटर, ३५ ग्रॅम, धातूत ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त, काठावर २०० खाचा अशी निघाली. म्हणजे एक खाच ०.६९ मिलिमीटरची. समोरची बाजू ठरलेली : मध्ये सिंहमुद्रा, एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला इंडिया. कलाकाराला मोकळीक मिळते ती मागच्या बाजूला, आणि तिथेही नाव, सन, प्रसंग बसवून उरेल तेवढ्यातच. २०१९ च्या चलनी नाण्यांचे आराखडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने केले. २० रुपयांच्या नाण्याला बारा कडा आहेत त्या दृष्टिहीनांना हाताने ओळखता यावे म्हणून. असा विचार पदकात कोणी करत नाही, करायला हरकत नाही.

कलाकाराच्या सहीचे म्हणाल तर १८४० च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयावर राणी व्हिक्टोरियाच्या मानेखाली कलाकार विल्यम वायनची आद्याक्षरे आहेत. अमेरिकेत १९०९ च्या लिंकनच्या एक सेंट नाण्यावर कलाकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनरची तीन अक्षरे फार ठळक आहेत म्हणून काही दिवसांतच काढली, आणि १९१८ मध्ये खांद्याखाली बारीक करून परत घातली. आमच्या पदकावर सही खांद्याच्या तुटीवर, ०.६ मिलिमीटर उंचीची, दोन अक्षरांहून जास्त नाही. गिऱ्हाईक नको म्हणाला तर काठावर घालतो. पूर्ण काढायची असेल तर कलाकाराला विचारून.

ऑर्डर पूर्ण झाली की डायच्या तोंडावर आडवा-उभा छेद देतो, म्हणजे पुन्हा छाप निघत नाही. बाद डाय संस्थेला हवी असेल तर देतो. प्लास्टर कलाकाराकडे परत जाते.