फॉस्टरची गाणी, फॉस्टरशिवाय

परवा रात्री स्टीफन फॉस्टर या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन गीतकार-संगीतकाराच्या गाण्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकत बसलो आणि मग एकदम लक्षात आलं की या माणसाने स्वतःचं एकही गाणं रेकॉर्डवर ऐकलेलं नाही, कारण तो गेला १८६४ ला, न्यूयॉर्कमध्ये, जेमतेम ३७ वर्षांचा, खिशात ३८ सेंट, आणि एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये!

७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची, त्यामुळे कडवी सरळ कापलेली. काही शब्द आज ऐकवत नाहीत, मिन्स्ट्रेल शोचे, म्हणजे गोरे नट तोंडाला काळं फासून करायचे त्या खेळांचे, कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे. पण चाली... दुसऱ्यांदा ऐकताना आपण गुणगुणायलाच लागतो, काय करणार! बाकी अमेरिकेतल्या ज्या सुवानी नदीवर त्याने गाणं लिहिलं, ती त्याने म्हणे कधी पाहिलीच नव्हती, नकाशातून नाव उचललेलं.