तेरा दिवसांची पॉलिसी

आमच्या गाडीचा विमा दर वर्षी ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री संपत असे, आणि २०१९ मध्ये ज्या शोरूममधून गाडी घेतली तिथून ७ तारखेच्या आसपास न चुकता फोन येत असे. पाच वर्षे मी त्या फोनवर विसंबून राहिले. २०२४ ची दिवाळी नुकतीच आटोपली होती, घरात पाहुणे होते आणि फोनवरचा मुलगा घाईघाईने सांगत होता, "मॅडम, चारच दिवस राहिलेत. एकदा पॉलिसी तुटली की इन्स्पेक्शन लागतं, मग माझ्या हातात काही राहत नाही." त्याने पाठवलेल्या लिंकवर मी १८,९८७ रुपये भरले आणि पाहुण्यांसाठी फराळाचे डबे भरायला घेतले.

पॉलिसी मी उघडून वाचली ती १७ तारखेच्या रविवारी, तीही योगायोगाने. गाडीचे कर्ज त्याच महिन्यात फिटल्यामुळे कागदपत्रांची फाइल लावायला बसले होते. तोवर पॉलिसी सुरू होऊन सहावा दिवस उजाडला होता.

रक्कम फोडून पाहिली तेव्हा तिचे असे तुकडे पडले: ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी, ७,४०० रुपये, पाच ॲड-ऑनचे, म्हणजे वरून घेतलेल्या जादा संरक्षणांचे, ४,९००, थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीसाठी, ३,४१६, मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचे ३७५, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. यातला थर्ड पार्टीचा आकडा कोणतीही कंपनी कमी करू शकत नाही, कारण तो दर केंद्राचे रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवते. १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीसाठी तो १ जून २०२२ पासून ३,४१६ आहे. ओन डॅमेजचे दर मात्र १ जानेवारी २००७ पासून सरकारी दरपत्रकातून मोकळे झालेले आहेत, त्यामुळे कंपन्यांमध्ये जी काही स्पर्धा आहे ती तेवढ्या भागात आणि ॲड-ऑनमध्ये. हे एकदा ध्यानात आल्यावर दोन कंपन्यांच्या एकूण रकमा समोरासमोर ठेवण्यात काही अर्थ नाही हेही कळते. थर्ड पार्टी आणि जीएसटी बाजूला काढून उरलेल्याचीच तुलना करायची असते.

३७५ रुपयांची गोष्ट लहान असली तरी तिने मला जास्त चिडवले. मालक-चालकाला १५ लाखांचे अपघात संरक्षण सक्तीचे असले, तरी तेवढ्या रकमेची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी ज्याच्याकडे आहे त्याला २०१९ च्या जानेवारीपासून ते गाडीसोबत पुन्हा घ्यावे लागत नाही. माझ्याकडे अशी पॉलिसी आहे. पाच वर्षांत मला कोणी तसे विचारले नाही आणि मीही कधी सांगितले नाही.

मोठा खड्डा नो क्लेम बोनसच्या, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या रकमेवर मिळणाऱ्या सवलतीच्या, रकान्यात होता. तिथे शून्य होते. ते शून्य बरोबर होते आणि माझेच कर्तृत्व होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला पुढचा बंपर घासला आणि मी उत्साहाने क्लेम केला. गॅरेजचे बिल ९,००० झाले: ५,४०० चा बंपर आणि ३,६०० चे रंगकाम. प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापला जातो, म्हणून बंपरचे २,७०० मिळाले; रंगकामाचा चौथा हिस्सा रंगाचे साहित्य धरून त्यावरही निम्मा घसारा, म्हणून तिथे ४५० गेले; शेवटी प्रत्येक क्लेममागे ग्राहकाने सोसायचे १,००० वजा झाले. हातात आले ४,८५०. सर्व्हेअर सज्जन होता, त्याने सगळे समजावून सांगितले, आणि मी समाधानाने सही केली.

पण तोपर्यंत माझ्या नावावर चार वर्षे क्लेम नसल्याचा ४५ टक्के बोनस होता, आणि आणखी तीन महिने दम धरला असता तर तो ५० टक्के, म्हणजे कमाल मर्यादेला पोचला असता. हा बोनस पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि ५० असा चढतो आणि एका क्लेममध्ये थेट शून्यावर येतो. ७,४०० चे निम्मे ३,७००, त्यावरचा जीएसटी धरून ४,३६६. म्हणजे बंपरपायी मिळालेल्या पैशांतले जवळजवळ सगळे पहिल्याच नूतनीकरणात परत गेले, आणि पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्क्यांवरूनच पुन्हा चढायला सुरुवात. खिशातून ९,००० भरून गप्प बसले असते तर दोन-तीन वर्षांत अधिक फायद्यात राहिले असते. हा हिशेब गॅरेजमध्ये उभे असताना कुणालाच सुचत नाही.

२० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. सकाळी मतदान करून आले आणि दुपारभर वही घेऊन निरनिराळ्या कंपन्यांचे भाव काढत बसले. सर्वांत स्वस्त आकडा ६,६२७ रुपयांचा निघाला आणि क्षणभर वाटले की शोरूमने आपल्याला पुरते लुटले. मग बारकाईने पाहिले. त्यात गाडीची आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर मिळू शकणारी कमाल रक्कम, २,४०,००० धरली होती. शोरूमच्या पॉलिसीत ती ३,४०,००० होती. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीसाठी घसाऱ्याचा तक्ता ठरलेला असतो, चौथ्या ते पाचव्या वर्षात तो ५० टक्क्यांवर येतो. त्यापुढे मात्र आयडीव्ही कंपनी आणि ग्राहक यांच्यात ठरवून घ्यायची असते. आमची गाडी नेमकी याच उंबरठ्यावर होती, म्हणून प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीचा आकडा मांडत होती. आयडीव्ही लाखाने उतरवली की विम्याचा हप्ता आपोआप स्वस्त दिसतो.

त्याहून वाईट म्हणजे बोनसच्या जागी ५० टक्के आधीच निवडून ठेवलेले होते. ओळखीच्या एका एजंटला फोन करून हे सांगितले तर तो म्हणाला, "ताई, राहू द्या तसंच. हप्ता भरताना कोण तपासतंय?" हप्ता भरताना खरोखरच फारसे कुणी तपासत नाही. तपासणी होते ती क्लेमच्या वेळी, आणि आधीच्या कंपनीकडून दोन ओळींचे पत्र आले की झाले. खोटे निवेदन करून घेतलेल्या पॉलिसीवर ओन डॅमेजचा क्लेम नाकारायला कंपनीला सबळ कारण मिळते. मी तो रकाना शून्य केला, आयडीव्ही ३,२५,००० वर नेली आणि मग सगळ्या कंपन्यांकडून पुन्हा भाव घेतले.

ॲड-ऑनपैकी दोनच ठेवले. झीरो डेप, म्हणजे क्लेममधून घसारा कापू न देणारे संरक्षण, ठेवले, कारण बंपरने धडा दिला होता: आधीच्या वर्षीच्या पॉलिसीत ते नव्हते. दुसरे इंजिन संरक्षण. पाणी भरलेल्या रस्त्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला गेलो आणि इंजिनात पाणी ओढले गेले, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही असे कंपन्या सर्रास सांगतात. त्याच वर्षी २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत काय झाले ते पुण्यात सगळ्यांनी पाहिले आहे, आणि आमचे पार्किंग तळघरात आहे. किल्ली हरवणे, टायर आणि नट-बोल्ट-ऑइलचा खर्च ही तीन संरक्षणे मी सोडून दिली. किल्ली मी आजवर एकदाच हरवली आहे आणि ती पीठाच्या डब्यात सापडली.

निवडलेल्या कंपनीचा हिशेब असा झाला: ओन डॅमेज ५,६००, झीरो डेप २,३००, इंजिन ९००, थर्ड पार्टी तेच ३,४१६, जीएसटीसह १४,४१५. फरक साडेचार हजारांचा.

आता चालू पॉलिसी रद्द करायची होती, आणि इथे क्रम चुकला तर पंचाईत होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पहिल्यांदा पकडले गेल्यास दोन हजार, पुन्हा पकडले गेल्यास चार हजार दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. दंडापेक्षा मोठी भीती अशी की मधल्या एखाद्या दिवशी कुणाला आपल्या गाडीची धडक बसली तर भरपाई आपल्या घरादारावर येते. म्हणून आधी नवी पॉलिसी घ्यायची, तिची प्रत जोडायची आणि मग जुनी रद्द करण्याचा अर्ज द्यायचा. कंपनीही ती प्रत मागतेच.

नव्या कंपनीच्या अर्जात मात्र 'आधीची पॉलिसी कधी संपली' असा प्रश्न होता आणि माझी तर संपलीच नव्हती. काहीतरी तारीख ठोकून देण्याऐवजी मी फोन करून खरी परिस्थिती सांगितली. त्यांनी व्हिडिओ तपासणी मागितली. २३ तारखेला, निकालाच्या दिवशी, आमच्या सोसायटीचे वॉचमन काका एका कानाने मतमोजणी ऐकत माझा मोबाइल धरून गाडीभोवती फिरले: चारही बाजू, काचा, चासी नंबर, चालू इंजिन आणि मीटरवरचे किलोमीटर. डाव्या मागच्या दारावरचा एक ओरखडा मला पाच वर्षांत दिसला नव्हता तो त्यांनी दाखवला, आणि कंपनीने तो 'आधीपासूनचे नुकसान' म्हणून रीतसर नोंदवला. नवी पॉलिसी २५ नोव्हेंबरच्या शून्य तासापासून सुरू झाली. जुनी २४ च्या मध्यरात्रीपासून रद्द करावी असा ईमेल मी आदल्या दिवशीच पाठवला. बरोबर तेरा दिवस जगली ती.

जुन्या कंपनीचे पहिले उत्तर आले ते बँकेच्या ना-हरकत पत्राची मागणी करणारे, कारण पॉलिसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव होते. कर्ज फिटले तरी आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडे अर्ज करावा लागतो, आणि ते काम मी 'होईल सावकाश' म्हणून ठेवले होते. सुदैवाने बँकेचे पत्र त्या फाइलमध्येच होते.

दुसरे उत्तर अधिक मासलेवाईक होते. 'शॉर्ट पीरियड स्केलनुसार' एक महिन्यापर्यंतच्या वापराचे २० टक्के कापून १५,१९० रुपये परत मिळतील, असे त्यात लिहिले होते. हा जुन्या दरपत्रकाच्या काळातला तक्ता. विमा नियामक आयआरडीएआयने ११ जून २०२४ रोजी सर्वसाधारण विम्याबाबत जे मास्टर परिपत्रक काढले, त्यानुसार वैयक्तिक ग्राहक मुदतीत केव्हाही, कारण न देता पॉलिसी रद्द करू शकतो. आणि मुदत एक वर्षापर्यंतची असून त्या काळात क्लेम झाला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत करावा लागतो. ऑगस्टचा क्लेम आड येईल की काय अशी शंका मला आली होती, पण तो आधीच्या वर्षाच्या पॉलिसीवरचा होता. अट रद्द होणाऱ्या पॉलिसीपुरतीच आहे. १८,९८७ ला ३६५ ने भागून ३५२ ने गुणले की १८,३११ येतात. एवढा गुणाकार, परिपत्रकाची तारीख आणि 'तीस दिवसांत निराकरण न झाल्यास विमा लोकपालांच्या पुणे कार्यालयाकडे दाद मागावी लागेल' हे एक वाक्य, इतकाच ईमेल मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवला. आवाज चढवला नाही, इंग्रजीही झाडले नाही. नवव्या दिवशी पूर्ण १८,३११ खात्यात जमा झाले. चूक झाली होती असे मात्र कुणी लिहिले नाही.

२०२५ च्या ७ नोव्हेंबरला सवयीप्रमाणे शोरूमचा फोन आला. मुलगा नवा होता, कागद मात्र जुनाच असावा. "मॅडम, चारच दिवस राहिलेत," तो म्हणाला. मी त्याला सांगितले की अजून सतरा आहेत, आणि ओन डॅमेज, ॲड-ऑन व आयडीव्ही वेगवेगळी लिहून भाव पाठव. थोडा वेळ पलीकडे शांतता होती. मग त्याने विचारले, "आयडीव्ही किती धरू?"