पडण्याआधीची तपासणी : अण्णांसोबतचा माझा अनुभव

आमचे अण्णा ७८ वर्षांचे आहेत आणि कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतील जुन्या घरात आजही स्वतःची बहुतेक कामे स्वतः करतात. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाणे त्यांनी सोडलेले नाही. मात्र गेल्या पावसाळ्यानंतर ते घरात चालताना भिंतीला हात लावू लागले आणि जिना उतरताना दोन्ही पाय एका पायरीवर टेकल्याशिवाय पुढची पायरी घेईनासे झाले. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली माणसे आमच्या गल्लीतच पाहिलेली असल्यामुळे, अण्णा पडण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी, असे मला मनापासून वाटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांची संख्या सर्वाधिक असते.

राजारामपुरीतील एका फिजिओथेरपी केंद्रात अशी तपासणी सेन्सरच्या साहाय्याने होते, असे कळल्यावर मी अण्णांना तिथे घेऊन गेलो. सुरुवात यंत्राने नव्हे, तीन प्रश्नांनी झाली : वर्षभरात पडलात का, उभे राहताना किंवा चालताना तोल जातोय असे वाटते का, पडण्याची भीती वाटते का? अण्णांनी तिन्ही प्रश्नांना ठाम नकार दिला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मग मोरीत कधी पाय सरकला का, रात्री उठताना पुन्हा पलंगावर बसावे लागले का, असे सावकाश विचारले, तेव्हा अण्णा म्हणाले, “तसं झालंय दोन-तीनदा. पण ते काय सांगण्यासारखं हाय व्हय?” मी त्याच घरात राहतो, पण मला यातले काहीच ठाऊक नव्हते.

पुढची चाचणी अगदी साधी असते. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. ‘टाइम्ड अप अँड गो’ या नावाने १९९१ पासून ती ओळखली जाते आणि तिला एक खुर्ची व एक घड्याळ पुरते. अमेरिकेतील सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या पद्धतीत १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर धोका आहे असे धरतात. अण्णांना १४ सेकंदांहून थोडे अधिक लागले. घड्याळ एवढेच सांगू शकते. सेन्सरचा खरा उपयोग इथून पुढे दिसला. त्यांच्या कमरेला पट्ट्याने काडेपेटीएवढा सेन्सर बांधलेला होता आणि आपल्या मोबाइलमध्ये असतात तसेच वेगातला बदल व फिरणे मोजणारे भाग त्यात होते. पडद्यावर त्या १४ सेकंदांचे तुकडे पडले. उठणे ठीक, सरळ चालणेही वयाच्या मानाने ठीक. वळताना मात्र अण्णा जागच्या जागी बारीक पावले टाकत होते आणि बसताना शेवटच्या क्षणी अंग सोडून देत होते. नंतर शंभरमधून तीन-तीन वजा करत चालायला सांगितले, तेव्हा ९१ वर ते चक्क थांबले. उत्तर सापडल्यावरच पाऊल पुढे पडले. बोलण्यासाठी चालणे थांबवावे लागणे हे पडण्याच्या धोक्याचे लक्षण असू शकते, असे स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्येच मांडले होते, ही माहिती बाईंनी दिली.

उभ्या माणसाचे डोलणे मोजणाऱ्या तोलाच्या पाटावर डोळे उघडे ठेवून ते स्थिर उभे राहिले, पण डोळे मिटताच पडद्यावरची रेघ चहूकडे पसरली. तोल सांभाळायला डोळे, कानाच्या आतला भाग आणि पायांची संवेदना या तिघांची मदत लागते. डोळे मिटल्यावर इतका फरक पडतो म्हणून बाईंनी नायलॉनचा बारीक तंतू तळव्यांना टेकवून पाहिला, तर अंगठ्यांपाशी अण्णांना स्पर्श कळत नव्हता. त्यांना मधुमेह आहे आणि मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू आहे. मधुमेहाने पायांची संवेदना कमी होऊ शकते; शिवाय त्या गोळीने काहींच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते आणि त्यानेही तसेच होऊ शकते, म्हणून रक्ततपासणीही सुचवली गेली.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र साध्या रक्तदाबाच्या यंत्राने सापडली, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. पाच मिनिटे आडवे झोपवून घेतलेला वरचा आकडा १४२ होता, तो उभे राहिल्यावर मिनिटाभरात ११६ वर आला. वीस किंवा त्याहून अधिक उतार हा धोक्याचा मानतात. प्रोस्टेटसाठी रात्री घ्यायच्या गोळीने असे होऊ शकते, आणि अण्णा लघवीसाठी उठतात तेही रात्रीच. आमच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या समोर ठेवून त्यांची पुन्हा जुळणी केली. गोळ्यांची पूर्ण पिशवी सोबत न्यावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन, कारण सेन्सरला त्या दिसत नाहीत. आमचा उंबरा, ओली मोरी आणि जेवणानंतर पाटावरून उठणे यांतलेही त्याला काही दिसत नाही. ते आपणच सांगावे लागते.

मोरीत आता आडवा दांडा बसवला आहे आणि पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर मंद दिवा असतो. गुळगुळीत झालेले कोल्हापुरी पायताण घरात न घालण्याचे अण्णांनी कुरकुरत का होईना, मान्य केले. वळण्याचा आणि एका पायापुढे दुसरा ठेवून उभे राहण्याचा सराव ते ओट्याला धरून करतात, तेव्हा कोणीतरी शेजारी उभे असते. तीन महिन्यांनी हीच चाचणी त्याच उंचीच्या खुर्चीवरून आणि त्याच पादत्राणांत पुन्हा होईल, म्हणजे वळण्याच्या त्या तुकड्यात फरक पडला की नाही, हे नेमके कळेल.